नव्या गाडीच्या डोळ्यांची ओळख

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या दसऱ्याला आमच्या घरी नवी गाडी आली. रूपाभवानीचे दर्शन घेऊन पुढच्या बंपरला झेंडूचा भरगच्च हार बांधला आणि आम्ही घराकडे निघालो, तोच चालकासमोरच्या पडद्यावर सूचना उमटली की पुढचा सेन्सर झाकला गेल्यामुळे चालकसाहाय्य यंत्रणा बंद झाली आहे. हार सोडताच ती सूचना गेली. बंपरच्या मागे रडार आणि समोरच्या काचेवर, आतल्या आरशाच्या पाठीमागे कॅमेरा, असे या गाडीचे दोन डोळे आहेत, हे मला त्या दिवशी नीट कळले. लिंबू-मिरची, शोभेची जाळी किंवा काचेवरचे स्टिकर लावण्यापूर्वी हे डोळे कोठे आहेत ते पाहून घ्यावे, ही माझी पहिली विनंती.

आपल्याकडे मिळणाऱ्या अशा बहुतेक गाड्यांतील यंत्रणा स्वयंचलनाच्या फार तर दुसऱ्या पातळीची असते. गाडी ठरावीक परिस्थितीत वेग आणि स्टिअरिंग दोन्ही सांभाळते, पण रस्त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाचीच राहते. शोरूममध्ये गाडी ताब्यात घेताना पंधरा-वीस मिनिटांत सारे दाखवले जाते आणि त्यातले निम्मे पेढे वाटण्याच्या गडबडीत विसरले जाते. म्हणून घरी आल्यावर, गाडी उभी असताना, माहितीपुस्तिका मांडीवर घेऊन तासभर बसावे आणि प्रत्येक सेटिंग स्वतःच्या हाताने एकदा चालू, एकदा बंद करून पाहावे. इंजिन पुन्हा सुरू केल्यावर कोणते सेटिंग टिकते आणि कोणते मूळ स्थितीत जाते, हेही तेव्हाच तपासावे.

ठरवलेला वेग आपोआप सांभाळणाऱ्या आणि समोरच्या वाहनापासून अंतर राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलबद्दल मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. म्हणून समोरच्या वाहनापासून पुरेसे अंतर हवे. बहुतेक गाड्यांत या अंतराचे तीन-चार टप्पे असतात; नवख्या चालकाने सर्वांत मोठा टप्पा निवडावा. मध्ये दुसरी गाडी घुसते म्हणून अनेक जण अंतर कमी करतात. ती घुसू द्यावी. आपली गाडी आपणहून वेग कमी करून पुन्हा अंतर राखते.

मात्र आपल्या सोलापूर जिल्ह्यात गाळप हंगाम सुरू झाला की मोहोळ-टेंभुर्णीच्या बाजूला उसाच्या दुहेरी ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात. काहींना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर मोळ्यांखाली झाकलेला असतो, आणि कधी कधी चाक निखळल्याने ट्रॉली लेनमध्येच उभी राहिलेली असते. वेगात असताना समोर अचानक आलेले उभे वाहन किंवा वेड्यावाकड्या आकाराचा माल ही यंत्रणा ओळखेलच असे नाही, हे कंपन्यांच्या पुस्तिकांत स्पष्ट लिहिलेले असते. त्यामुळे या दिवसांत अंधार पडल्यावर मी क्रूझ कंट्रोल वापरत नाही, आणि आपणही वापरू नये असे मला मनापासून वाटते.

लेनमध्ये ठेवणारी यंत्रणा रस्त्यावरचे पांढरे-पिवळे पट्टे पाहून चालते. पुणे महामार्गावर ती उपयोगी पडते, पण पट्टे पुसट झालेल्या गावरस्त्यावर तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. इंडिकेटर न देता लेन बदलली की स्टिअरिंगला हलका ओढा जाणवतो. अनेकांना तो बिघाड वाटतो, पण इंडिकेटर दिला की सहसा तो ओढा थांबतो.

टक्करीची सूचना मात्र बंद करू नये. सात रस्ता चौकाच्या गर्दीत दुचाकी आडवी गेली की ती वारंवार वाजते आणि वैताग येतो, हे खरे आहे. अशा वेळी सूचना लवकर द्यावी की उशिरा, हे बदलण्याची सोय बहुतेक गाड्यांत असते, तिचा उपयोग करावा. टक्कर टाळण्यासाठी आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक तर चालूच असू द्यावा.

गाडी घरात दोघे-तिघे चालवत असतील, तर बदललेले सेटिंग पुढच्या चालकाला किल्ली देतानाच सांगावे. आमच्याकडे मुलगी गाडी घेऊन निघाली की मी तिला अंतराचा टप्पा आधी विचारतो. आणि दगड उडून समोरची काच बदलावी लागलीच, तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणे, करून दिल्याची नोंद बिलावर आहे का, हे पाहिल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.