रूळ ओलांडणाऱ्याचा अंदाज

रूळ ओलांडणे हा दंडनीय अपराध आहे, ही उद्घोषणा मुंबईच्या लोकल प्रवाशांना पाठ झालेली आहे. रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार त्यासाठी 6 महिन्यांपर्यंत कारावास किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही पादचारी पूल टाळून माणसे रुळांवर उतरतात. त्यांना सरसकट बेपर्वा ठरवणे अन्यायाचे आहे, कारण त्यांतली बहुतेक जण येणारी गाडी पाहून, तिचा अंदाज घेऊनच पाऊल टाकतात, आणि घात होतो तो या अंदाजातच.

आकाराने मोठी वस्तू प्रत्यक्षापेक्षा संथ येत असल्याचा भास डोळ्यांना होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्शेल लायबोवित्झ यांनी 1985 मध्ये रेल्वे फाटकांवरील अपघातांच्या संदर्भात हा विचार मांडला. त्यात सवयीची भर पडते. रोज सुखरूप पलीकडे पोचणाऱ्याला प्रत्येक फेरी स्वतःच्या कौशल्याचा पुरावा वाटू लागते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी 1974 च्या निबंधात दाखवले की, एखाद्या गोष्टीची शक्यता माणूस चटकन आठवणाऱ्या उदाहरणांवरून ठरवतो. इथे तर आठवणीत स्वतःच्याच सुखरूप फेऱ्या असतात.

2010 च्या सुमारास मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर, वडाळा स्थानकाजवळ, मुंबईतल्याच ‘फायनल माइल’ या संस्थेने याच अंदाजाला हात घातला. रुळांखालचे काही स्लीपर, म्हणजे आडवे ठोकळे, पिवळे रंगवले गेले, जेणेकरून पुढे सरकणारी गाडी ते पट्टे किती झपाट्याने झाकते यावरून तिचा वेग नजरेला कळावा. एका लांब भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे देण्यात आले, कारण आवाजांमधल्या शांततेने मेंदू अधिक सावध होतो. गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा भयभीत चेहरा दाखवणारी छायाचित्रेही लावली गेली. मला यांत पिवळे पट्टे सर्वांत मोलाचे वाटतात, कारण ते माणसाला दटावत नाहीत. त्याच्या डोळ्यांना हवी असलेली माहिती देतात.

या प्रयोगानंतर तिथले मृत्यू घटल्याचे सांगितले गेले. मात्र सर्वाधिक अपघातांची जागा निवडली, तर तिथला आकडा पुढे आपोआपही सरासरीकडे उतरू शकतो, कारण असा टोकाचा आकडा काही अंशी योगायोगाचाही असू शकतो. म्हणून तशाच इतर स्थानकांशी तुलना करणे आवश्यक ठरते. शिवाय, जिथे पूल फलाटाच्या दूरच्या टोकाला आहे आणि जिना गर्दीने तुंबलेला आहे, तिथे नुसत्या रंगाने भागणार नाही. तिथे लोक ज्या जागी प्रत्यक्ष रूळ ओलांडतात त्याच जागी पूल, सरकता जिना आणि कुंपण द्यावे लागेल.