हरताळ, बासन आणि स्कॅनर

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'दुर्मिळ संग्रहांचे डिजिटायझेशन आणि मुक्त वाटप' असा छापलाय. त्यातलं 'मुक्त वाटप' मी शेवटी घेणार आहे. कीर्तनकाराला पूर्वरंगात रंग चढला की उत्तररंग आवरता घ्यावा लागतो, तसं माझं नेहमी होतं. म्हणून माफी आधीच मागून ठेवतो.

सुरुवात दोन वाक्प्रचारांपासून. 'हरताळ फासणे' आणि 'बासनात गुंडाळणे'. दोन्ही आपल्या पोथीशाळेतून आलेत. पोथी लिहिताना हात चुकला, की लेखनिक काट मारून पान घाण करत नसे. हरताळ नावाचं पिवळं खनिज खलून, डिंकात कालवून, तेवढ्या अक्षरावर फासायचा. दुकानं बंद ठेवतात तो हरताळ वेगळा, तो हाटाला लावलेल्या टाळ्यातून आलाय. आपला हा हरताळ म्हणजे आर्सेनिक, तेव्हा बोटाला थुंकी लावून पोथी चाळणाऱ्यांनी जपून. (हसू नका, मागच्या रांगेतले दोघे तसे चाळतात, मी पाहिलंय.) मग बरोबर अक्षर समासात लिहायचं, शेजारी ओळीचा आकडा टाकायचा. आणि पोथी पुरी झाली की वरखाली फळ्या लावून कापडात बांधायची. ते कापड म्हणजे बासन.

आता माझी फजिती.

वीसेक वर्षांपूर्वी एका ग्रंथालयाकडे मी एका आख्यानकाव्याच्या पोथीची प्रत मागितली. ग्रंथालयाचं नाव सांगत नाही, तिथल्या माणसांनी मला चहा पाजलाय. मूळ पोथी मिळणार नाही, म्हणाले, स्कॅन झालंय, त्याची सीडी घ्या. अर्ज, अर्जाच्या दोन प्रती, विभागप्रमुखांचं पत्र, 'व्यापारी उपयोग करणार नाही' असं हमीपत्र. मराठी पोथीचा व्यापारी उपयोग कसा करतात हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. कळलं तर मी लगेच सुरू करीन. तीन महिन्यांनी सीडी आली. काळंपांढरं स्कॅन, प्रत्येक पानावर आडवा ग्रंथालयाचा शिक्का. पण अक्षर सुरेख, वळणदार. मी खूश.

आणि तिसाव्या की एकतिसाव्या पानावर मला तो शब्द दिसला. 'भवसागर' हवा तिथे चक्क 'भवसासर'.

भवसासर! संसार म्हणजे सासर. अहो, सागर काय, सगळेच संत म्हणतात. सासर कोण म्हणेल? जिनं सासर भोगलंय तीच म्हणेल ना? मला रात्रभर झोप नाही. ही पोथी बाईनं सांगितली असणार किंवा बाईनं उतरली असणार, असा चौदा पानी लेख मी लिहिला. जात्यावरच्या ओव्या आणल्या, माहेर-पंढरी आणली, तळटीपाच एकतीस झाल्या. लेख छापून आला. एका चर्चासत्रात माझा सत्कारही झाला, ती शाल अजून आहे.

सात वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्या ग्रंथालयात गेलो. साहेब रजेवर होते. दुर्मिळ विभागातले परिचर म्हणाले, "सर, बघायचीय का तुमची पोथी? दोन मिनिटं." त्यांनी लाल बासन सोडलं, फळी उचलली, पानं एकेक करत माझ्यासमोर धरली. ते पान आलं. 'भवसासर'मधला दुसरा 'स' पिवळाजर्द. हरताळ फासलेला. आणि उजव्या समासात, ओळीचा आकडा घालून, बारीक अक्षरात एकच अक्षर: 'ग'.

मी मटकन खाली बसलो. परिचरांना वाटलं, साखर कमी झाली.

झालं काय होतं? काळ्यापांढऱ्या स्कॅनमध्ये फिका पिवळा रंग उडाला आणि त्याखालचा रद्द केलेला 'स' पुन्हा जिवंत झाला. पान नीटस दिसावं म्हणून समास कातरले, त्यात 'ग' गेला. लेखनिकानं अडीचशे वर्षांपूर्वी सुधारलेली चूक आम्ही संगणक लावून परत केली. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आमची यंत्रणा तेव्हा असती तर सगळे अपपाठ, म्हणजे नकलताना शिरलेले चुकीचे शब्द, जागच्या जागी आले असते.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

तर, मुद्दे. पहिला: रंगीत छायाचित्र, कोऱ्या समासासकट पूर्ण पान, शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी. पानं कोरी असली तरी घ्यायची, बांधणीचा पुठ्ठाही घ्यायचा. मूळ फाइल मोठी, न दाबलेली ठेवायची, वाचकाला हलकी द्यायची. साठवण आता पूर्वीइतकी महाग नाही.

दुसरा: नोंद. 'स्कॅन ००४७' हे पोथीचं नाव होऊ शकत नाही. कर्ता, लेखनिक, शक, पानं, कुठून आली, दाखल क्रमांक. छापील पुस्तकांत तर आणखी घोळ. १९६२च्या नियमांआधीची पुस्तकं 'कांहीं', 'गांव', 'पांच' लिहितात. तुम्ही 'काही', 'गाव' शोधलंत तर यंत्र म्हणतं, असं काही नाही. कुणी सावरकरी बाराखडीत 'अितिहास' लिहिला असेल तर विचारूच नका. शोधयंत्राला ही जुनी वळणं शिकवावी लागतात, आणि ते काम मराठी माणसाचंच आहे.

तिसरा, म्हणजे खरं तर आजचा विषय: वाटप. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तीन हजारांवर भारतीय हस्तलिखितं आहेत. त्यांच्या 'ओपेन' या संकेतस्थळावरून मोठ्या फाइली कुणाची परवानगी न घेता उतरवता येतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती छापली मुंबईत, १८५७ साली. आज तुम्ही-आम्ही तो शोधतो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर. चांगलंच आहे, पण मला दर वेळी थोडी लाज वाटते. आपल्याकडे अडतं कुठे? 'कॉपीराइट' म्हणतात. कायद्यानं लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं. पोथीचा लेखनिक जाऊन अडीचशे झाली, त्याचे वारस मानधन मागायला यायचे नाहीत.

'ट्रिपल-आय-एफ' नावाची एक पद्धत आहे, तिच्यावर मी तासभर बोलणार होतो. एका वाक्यात: वेगवेगळ्या ग्रंथालयांतली पानं एकाच पडद्यावर शेजारी मांडता येतात. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, म्हणजे मराठी ओव्यांतली ख्रिस्तकथा, १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत ठाऊक नाही, पुराण आपल्यापर्यंत आलं हातानं उतरलेल्या प्रतींतून. देवनागरी प्रत लंडनला, सोआस या विद्यासंस्थेच्या ग्रंथालयात. रोमी लिपीतल्या प्रती गोव्यात. या शेजारी शेजारी मांडून ओवी ताडून बघता आली तर... असो, अध्यक्ष उभे राहिले.

एकच. ती पोथी अजून ग्रंथालयाच्या आतल्या सर्व्हरवर आहे, अर्ज करून दिसते. माझा 'भवसासर'चा लेख मात्र कुणीतरी नेटवर टाकलाय. विनामूल्य, लगेच उतरवता येतो, शोधला की पहिला येतो. त्याचं खंडन मी त्याच नियतकालिकाला पाठवलं होतं, ते त्यांनी छापलं, पण तो अंक अजून कुणी स्कॅन केलेला नाही. गेल्या महिन्यात एका मुलीनं मला तिचा प्रबंध पाठवला. दुसऱ्या प्रकरणाचं शीर्षक 'भवसासर' आहे. तिला काय कळवू, ते ठरत नाहीये.