लॉगिन स्क्रीनवर भलतीच भाषा? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी!

लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड लॅपटॉप आणलाय. मशीन झकास आहे. विंडोज जर्मन होतं, ते सेटिंग्जमध्ये जाऊन तुम्ही इंग्रजी करून घेतलंत. पण रीस्टार्ट केला की पासवर्डच्या चौकटीत परत ‘केनवोर्ट’! आत शिरलात की सगळं इंग्रजी, बाहेर आलात की जर्मन.

परदेशातून आलेल्या रिफर्बिश्ड मालात हे बरेचदा दिसतं. कुणाकडे जर्मन, कुणाकडे जपानी, आखातातून आणलेला असेल तर अरबी. आणि दाखवायला नेलात की उत्तर ठरलेलं: “फॉरमॅट मारावा लागेल.” नाही मारावा लागत. पैसेही घालवू नका आणि डेटाही.

असं होतं का? तुम्ही बदललेली भाषा तुमच्या खात्यापुरती असते. लॉगिनची स्क्रीन कुठल्याच युजरची नसते, ती विंडोज स्वतःच्या सिस्टम खात्यातून दाखवतं, आणि त्या खात्याची भाषा वेगळी साठवलेली असते. फ्लॅटच्या दारावरची पाटी बदललीत म्हणून सोसायटीच्या गेटवरची बदलत नाही, तसंच.

आता करायचं काय ते बघू. चला स्क्रीनवर.

[स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू]

विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि आर दाबा. छोटी खिडकी येईल. त्यात टाइप करा: आय-एन-टी-एल, डॉट, सी-पी-एल. एंटर. मेनू कुठल्याही भाषेत असो, हा रस्ता चालतो, म्हणून मी सेटिंग्जमधून फिरवत नाही. ‘रीजन’ची खिडकी उघडली की शेवटचा टॅब, ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह’.

इथे दोन बटणं आहेत. खालचं, ‘चेंज सिस्टम लोकेल’, त्याला हात लावू नका. ते युनिकोड नसलेल्या जुन्या प्रोग्रामसाठी आहे, आपल्या कामाचं नाही. आपल्याला हवंय वरचं, ‘कॉपी सेटिंग्ज’. दाबा.

[झूम इन]

हे नीट बघा. तीन भाग आहेत: करंट युजर म्हणजे तुम्ही, वेलकम स्क्रीन म्हणजे आपली लॉगिनची स्क्रीन, आणि न्यू युजर अकाउंट्स म्हणजे पुढे उघडाल ती खाती. पहिल्यात डिस्प्ले लँग्वेज, म्हणजे विंडोज ज्या भाषेत दिसतं ती, इंग्रजी; दुसऱ्यात जर्मन. चोर सापडला! खाली दोन चौकोन आहेत. वेलकम स्क्रीनवाल्यावर टिक करा. न्यू युजरवाल्यावरही करून टाका, म्हणजे उद्या मुलांसाठी वेगळं खातं उघडलंत तर तेही इंग्रजीतच उघडेल. ओके, आणि रीस्टार्ट.

एक लक्षात ठेवा, हे बटण फक्त कॉपी करतं. वरच्या भागात जे असेल तेच खाली उतरतं. वर अजून जर्मनच दिसत असेल, तर आधी सेटिंग्जमध्ये इंग्रजीचा लँग्वेज पॅक टाका, ती डिस्प्ले लँग्वेज करा, साइन आउट करून परत आत या, आणि मग कॉपी. हा क्रम चुकला की लोक म्हणतात, “केलं हो, पण काही झालं नाही.”

[कॅमेऱ्यावर परत]

आता कीबोर्ड. खरा घोळ इथे होतो, कारण भाषा चुकली तर नुसतं विचित्र दिसतं, कीबोर्ड चुकला तर तुम्ही बाहेरच अडकता. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा उलट असतात, आणि शिफ्ट धरून दोन दाबलं की ॲट द रेटच्या जागी अवतरणचिन्ह उमटतं. म्हणजे पासवर्ड ‘विजय ॲट द रेट १२३’ असेल, तर बोटं बरोबर पडूनही आत जातं ‘विजझ, अवतरणचिन्ह, १२३’. आणि दिसतात फक्त ठिपके! पासवर्डच्या शेजारी डोळ्याचं चिन्ह दिसत असेल तर ते दाबून काय उमटलंय ते बघा. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात कीबोर्डच्या भाषेची अक्षरं असतात, तिथे क्लिक करा, किंवा विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबा. इंग्रजी आलं की मग टाइप करा. मराठी टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड टाकलेल्यांनाही हाच इलाज. आत गेल्यावर नको असलेला कीबोर्ड भाषांच्या यादीतून काढा आणि कॉपीचं बटण परत एकदा दाबा, कारण कीबोर्डसुद्धा त्याच बटणातून वेलकम स्क्रीनपर्यंत पोचतो.

काही जणांना डिस्प्ले लँग्वेज बदलताच येणार नाही. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथे एडिशन बघा. ‘होम सिंगल लँग्वेज’ लिहिलं असेल तर विंडोज एकाच डिस्प्ले भाषेला बांधलेलं आहे. कीबोर्ड मात्र हवे तितके टाकता येतात. म्हणून जुना लॅपटॉप घेताना पैसे द्यायच्या आधी, दुकानातच, हे पान उघडून बघा.

आणि ऑफिसचा लॅपटॉप असेल तर या कॉपीच्या बटणाला ॲडमिनचे अधिकार लागतात. तुमच्याकडे ते नसतील तर आयटीवाल्यांना फोन करा आणि नेमकं सांगा, “वेलकम स्क्रीनवर सेटिंग्ज कॉपी करून द्या.”