आठ आवाजांचं यंत्र

[दृश्य: न्यूयॉर्क, रात्र. गच्चीवर उतरणारी तबकडी]

ही तबकडी जेवणाच्या ताटापेक्षा मोठी नाही. चित्रपट 'लिक्विड स्काय', साल १९८२. आत परग्रहावरचा पाहुणा आहे. तो कसा दिसतो यापेक्षा त्याला आपण कसे दिसतो, हेच दिग्दर्शकाने जास्त दाखवलंय. पाहा हे रंग.

[दृश्य: निऑन, रंगवलेले चेहरे, फॅशन शो]

दिग्दर्शक स्लावा त्सुकरमन मूळचे मॉस्कोचे. १९७३ मध्ये इस्रायलला गेले, तिथून न्यूयॉर्कला. कॅमेरा युरी नेमन यांचा, वेशभूषा मरिना लेविकोवा यांची. तेही सोव्हिएत संघातूनच आलेले. खर्च साधारण पाच लाख डॉलर. हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लरच! मॉडेल मार्गारेट आणि तिचा द्वेष करणारा जिमी, दोघंही भूमिका ॲन कार्लाइल या अभिनेत्रीच्याच.

आता जरा कान द्या.

[संगीत वर. दृश्य: फेअरलाइटचा कीबोर्ड, हिरवा पडदा, लाइट पेन]

हे यंत्र म्हणजे फेअरलाइट सीएमआय, संगणकावर चालणारं वाद्य. सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी १९७९ मध्ये बाजारात आणलेलं. किंमत वीस हजार डॉलरच्या वर, म्हणजे अशा निर्मात्याने विकत घेण्याचा प्रश्नच नाही. न्यूयॉर्कच्या 'पब्लिक ॲक्सेस सिंथेसायझर स्टुडिओ'त ते होतं. तिथेच त्सुकरमन, ब्रेंडा हचिन्सन आणि क्लाइव्ह स्मिथ यांनी हे संगीत रचलं.

काच, घंटा, माणसाचा गळा, काहीही या यंत्राला ऐकवा. ते त्याचे आकडे करून ठेवतं, पण जेमतेम सेकंदभराचेच, आणि तेही आठ बिटांत, म्हणजे ढोबळच. मग तोच तुकडा पट्टीवर वाजवायचा. वरची पट्टी दाबली की तुकडा भरभर पळतो, आवाज चिरका होतो. खालची दाबली की तोच घोगरा. एका वेळी आवाज आठच. या लाइट पेनने तर ध्वनीची लहर थेट पडद्यावर रेखता येते.

[संगीत: घंटांची धून]

ही धून १७२३ सालची. फ्रेंच संगीतकार मारँ मारे यांनी पॅरिसच्या एका चर्चच्या घंटांवर बांधलेली. खाली तेच तीन सूर फिरत राहतात. फेअरलाइटमधून ती येते तेव्हा जत्रेत पाळण्याशेजारी कर्णा वाजावा तशी वाजते. अनेकांनी याला कर्कश म्हटलं. आमच्या मते हा कर्कशपणा ठरवून आणलेला आहे. या मुखवट्यांच्या जगात गोड व्हायोलिन खोटं वाटलं असतं.

[दृश्य: मार्गारेट, चेहऱ्यावर चमकणारा रंग]

कथेत हेरॉइन आहे, मार्गारेटवरचे बलात्कार आहेत, तिच्या जवळ येऊन मरणारी माणसं आहेत.

[दृश्य: जुन्या आणि नव्या प्रतीतली एकच चौकट, शेजारी शेजारी]

१९८३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाल्यावर चित्रपटाने खर्चाच्या कितीतरी पट कमावलं. पुढे बरीच वर्षं तो धड प्रतीत पाहायला मिळणं मुश्कील होतं. मग व्हिनेगर सिंड्रोम या कंपनीने मूळ ३५ मिमी निगेटिव्हवरून त्याची फोर-के, म्हणजे अगदी बारकावे दिसतील अशी, प्रत तयार केली. डावीकडे जुनी, उजवीकडे नवी. गालावरचा तो हिरवा पट्टा आधी दिसतच नव्हता.