सहा घरांचे माप

बेळगावच्या उद्यमबागेत संध्याकाळी पाळी बदलण्याच्या सुमाराला ओतशाळांच्या आवारातून ओली वाळू आणि जळलेल्या कोळशाची भुकटी यांचा मिश्र वास रस्त्यापर्यंत येतो. मोटारींचे आणि पंपांचे बिडाचे भाग येथून देशभर जातात, आणि त्या प्रत्येक भागाच्या आधी कोणीतरी त्याचा पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवण्यासाठीचा नमुना, तयार केलेला असतो. आपण आता अशाच एका लहानशा पॅटर्न शॉपमध्ये आहोत. बाकावर सागवानी ठोकळे, अॅल्युमिनियमच्या कोअर पेट्या, मायक्रोमीटर आणि एक जुनी पितळी पट्टी आहे. या बाकावर चाळीस वर्षे साचे करत आलेल्या गृहस्थांना घरी आणि कामावर सगळे मामा म्हणतात.

मामांचा सख्खा भाचा अमेरिकेत टेक्सासमध्ये नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी तेथील क्लबात पॉइंट फोर-फोर मॅग्नम रिव्हॉल्व्हरने निशाणेबाजी करतो. तेथे अनेक नेमबाज आपल्या काडतुसांसाठी शिशाच्या गोळ्या स्वतः ओततात. एके रात्री त्याचा फोन आला. "मामा, गोळ्या ओतायचा साचा घ्यायचाय. कॅटलॉगमध्ये डझनभर दिसतायत. तुम्ही असता तर कुठला घेतला असता?" मामांनी उलट विचारले, "आधी तुझ्या हत्याराचं माप सांग. साच्याचं नंतर बोलू." पुढे आठवडाभर मामा आणि भाचा यांच्यात जे बोलणे झाले, त्यावर हे निवेदन आधारलेले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केली पाहिजे. आपल्याकडे हे काम कोणालाही घरी करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री यांचा समावेश आहे, आणि परवान्याशिवाय त्याचे उत्पादन करणे गुन्हा आहे. आपल्या नेमबाजांचा मार्गही वेगळा आहे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातून तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे यांच्यासारखे नेमबाज घडले ते रायफल प्रकारात, आणि आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या सेंटर फायर पिस्तूल प्रकारातही बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर यांच्या दरम्यानच असावी लागते. फोर-फोरची गोळी जवळजवळ अकरा मिलिमीटर जाडीची असते. त्यामुळे हा प्रश्न तिकडचाच आहे. तो सोडवण्याची रीत मात्र उद्यमबागेतील कोणत्याही साचेकाराला ओळखीची वाटेल.

मामांनी माप मागितले, याचे कारण रिव्हॉल्व्हरच्या रचनेत आहे. पिस्तुलात काडतूस नळीच्या मागच्या टोकातच बसते. रिव्हॉल्व्हरमध्ये ते फिरत्या सिलिंडरच्या एका घरात बसते, आणि गोळी सुटल्यावर तिला प्रथम त्या घराच्या पुढच्या, किंचित अरुंद भागातून जावे लागते. या भागाला थ्रोट म्हणतात. तेथून ती सिलिंडर आणि नळी यांच्यामधील बारीक फट ओलांडते, नळीच्या तोंडाशी असलेल्या निमुळत्या भागात शिरते आणि मगच नळीच्या आत कोरलेल्या पिळाच्या खाचांना भिडते. म्हणजे गोळीला एकामागून एक दोन मापांतून जायचे असते आणि त्यांपैकी पहिले माप प्रत्येक घराचे वेगळे असू शकते. सहा घरे असतील, तर थ्रोटही सहा मोजावे लागतात.

फोर-फोर या नावाने येथे मोठी फसगत होते. नाव पॉइंट फोर-फोर असले, तरी नळीतील खाचांचे माप सर्वसाधारणपणे ४२९ थाउ, म्हणजे इंचाच्या हजारांश भागांत ४२९ इतके असते. कोल्ट फोर-फाइव्हची कथा याहून गुंतागुंतीची आहे, कारण १८७३ पासून चालत आलेल्या या काडतुसाच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत नळीचे माप ४५४ थाउच्या आसपास सापडते आणि आधुनिक रिव्हॉल्व्हरांत ते ४५१ ते ४५२ असते. तीन थाउ म्हणजे मिलिमीटरचा तेरावा भाग. कागदावर हा फरक नगण्य दिसतो, पण गोळीच्या मागे तापलेला वायू दाबाने उभा असतो आणि त्याला निसटायला एवढी वाट पुष्कळ होते. गोळी थ्रोटपेक्षा बारीक असेल, तर वायू तिच्या कडेने पुढे सरकतो, शिशाचा पृष्ठभाग कापत जातो आणि ते शिसे नळीत चिकटत राहते. नेमबाज मग मिश्रधातूला दोष देतो, वंगणाला दोष देतो, कधी स्वतःच्या हाताला दोष देतो. मूळ चूक मापाची असते.

म्हणून मामांनी भाच्याला एक साधे काम दिले. त्याने रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर बाहेर काढावा, मऊ शुद्ध शिशाचा तुकडा तेल लावून प्रत्येक थ्रोटमधून हलक्या हाताने ढकलावा आणि बाहेर आलेला तुकडा मायक्रोमीटरने मोजावा. तसाच एक तुकडा नळीतूनही काढावा. मायक्रोमीटर हवा, व्हर्नियर चालणार नाही, असे त्यांनी दोनदा बजावले. थ्रोट नळीच्या खाचांइतके किंवा त्यांच्याहून किंचित मोठे असतील, तर गोळी थ्रोटच्या मापाची ठेवायची. थ्रोट नळीपेक्षा लहान निघाले, तर कोणताही साचा उपयोगी पडत नाही, कारण कितीही जाड गोळी घातली तरी ती थ्रोटमध्येच दाबली जाऊन बारीक होते. अशा वेळी साच्यावर पैसे घालण्यापूर्वी जाणकार गनस्मिथकडून थ्रोट रीम करून, म्हणजे आतून किंचित मोठे करून, घ्यावे लागतात.

आता बाकावरची ती पितळी पट्टी पाहा. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा थोडा मोठा आहे. ही कॉन्ट्रॅक्शन स्केल आहे. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तितका मोठा करावा लागतो आणि तो हिशेब दरवेळी डोक्यात करावा लागू नये यासाठी ही पट्टीच वाढीव मापाची बनवलेली असते. गोळीच्या साच्यालाही हाच नियम लागू आहे, आणि कॅटलॉग वाचणाऱ्याला तो बहुधा माहीत नसतो. साच्यावर कोरलेला आकडा एका विशिष्ट मिश्रधातूसाठी असतो. शुद्ध शिसे अधिक आकसते. शिसे कडक करण्यासाठी मिसळलेला अँटिमनी हा धातू जितका जास्त, तितके आकुंचन कमी. एकाच साच्यातून मऊ शिशाची गोळी बारीक आणि जड निघते, तर अँटिमनीने कडक केलेली गोळी जाड आणि हलकी निघते.

हे सांगताना मामांना छापखान्याची आठवण झाली, आणि ती आठवण विषयाला सोडून नव्हती. खिळे जुळवून छपाई होत असे, त्या काळातील खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्याच मिश्रणाचे असत. अँटिमनीमुळे धातू कडक होई आणि थिजताना कमी आकसे, कथिलामुळे तो पातळ वाहून वेलांटीच्या टोकापर्यंत पोहोचे. लायनोटाइप यंत्राचा धातू म्हणजे शिसे ८४, अँटिमनी १२ आणि कथील ४ टक्के. अमेरिकेतील गोळ्या ओतणारे हाच धातू शिशात मिसळून वापरत आले आहेत, आणि तेथील लायमन कंपनीच्या प्रसिद्ध 'नंबर दोन' मिश्रणात शिसे ९०, कथील ५ आणि अँटिमनी ५ टक्के असते. भाचा ज्या मिश्रधातूत ओतणार आहे, त्यातच साच्याने थ्रोटपेक्षा एक-दोन थाउ मोठी गोळी द्यावी, मग ती सायझिंग डायमधून ढकलून नेमक्या मापाला आणता येते. जाड गोळी बारीक करता येते. बारीक निघालेली गोळी जाड करण्याचा मार्ग कष्टाचा आहे. अलीकडे गोळ्यांवर पावडर कोटिंग करण्याची पद्धत रूढ झाली आहे. त्या थरामुळेही माप थाउ-दोन थाउ वाढते, आणि तोही हिशेब आधी धरावा लागतो.

मापानंतर आकार येतो. कागदी निशाण्यासाठी सर्वांत नीटस भोक पाडते ती वॅडकटर, म्हणजे सपाट तोंडाची, जवळजवळ दंडगोलाकार गोळी. ती कागद पंचाने पाडल्यासारखा कापते, त्यामुळे गुण मोजताना वाद उरत नाही. पंचवीस-पन्नास यार्डांपर्यंत तिचे काम उत्तम चालते. त्यापुढे तिचा बोथट आकार तिला साथ देत नाही. उलट गोल नाकाची गोळी कागद फाडते, आणि निशाणेबाजीसाठी तिचा विचार करण्याचे कारण मला दिसत नाही.

या दोहोंच्या मधला आकार सेमी-वॅडकटर, आणि त्याचा इतिहास एल्मर कीथ या नावाशी जोडलेला आहे. आयडाहो राज्यातील या नेमबाजाने १९२० च्या दशकाच्या अखेरीस फोर-फोर स्पेशल या काडतुसासाठी एक गोळी आखली: नाक रुंद आणि सपाट, सारख्या रुंदीचे तीन पट्टे, वंगणासाठी खोल चौकोनी खाच आणि पूर्ण सपाट बूड. तिचा साचा ४२९४२१ या क्रमांकाने प्रसिद्ध आहे. पहिले तीन अंक गोळीचा व्यास सांगतात आणि पुढचे तीन रचनेचा क्रमांक. वजन सुमारे २५० ग्रेन, म्हणजे सोळा ग्रॅमच्या थोडे वर. १९५५ मध्ये फोर-फोर मॅग्नम आले, तेव्हाही ही आखणी त्याला शोभून गेली, आणि आज अनेक उत्पादक तिच्या आवृत्त्या बनवतात. त्या सगळ्या मूळ आखणीशी प्रामाणिक नसतात. काहींनी पुढचा पट्टा अरुंद केला आहे, काहींनी वंगणाची खाच गोलसर केली आहे. नावावर विसंबू नये, रेखाचित्र मागवून पट्टे मोजावेत, असे मामांचे सांगणे होते.

गोळीवरची आणखी एक खाच सहज दुर्लक्षिली जाते. काडतुसाच्या पितळी नळकांड्याची कड ज्या खाचेत वळवून घट्ट केली जाते, ती क्रिम्पची खाच. मोठ्या रिव्हॉल्व्हरचा धक्का एवढा असतो की एक बार उडाला की उरलेल्या काडतुसांतील गोळ्या हळूहळू पुढे सरकू पाहतात, आणि एखादी सिलिंडरच्या बाहेर डोकावली तर सिलिंडर फिरतच नाही. म्हणून ही खाच खोल आणि स्पष्ट हवी. त्याचबरोबर खाचेपासून नाकापर्यंतची लांबी सिलिंडरमध्ये मावली पाहिजे. एकाच बोअरच्या वेगवेगळ्या रिव्हॉल्व्हरांत सिलिंडरची लांबी वेगळी असते, आणि मित्राच्या हत्यारात बसणारी गोळी आपल्या हत्यारात बसेलच असे नाही.

वजनाचा मोह मोठा असतो. १९७६ साली अमेरिकेत हँडगन मेटॅलिक सिल्हूट स्पर्धांची संघटना स्थापन झाली. त्या स्पर्धांत पोलादी कोंबडी ५० मीटरवर, डुक्कर १००, टर्की १५० आणि मेंढा २०० मीटरवर उभा असतो, आणि नुसता लागून चालत नाही, तो आडवा पडावा लागतो. तेथे ३०० ग्रेनच्या गोळीला अर्थ आहे. कागदाला पाडायचे नसते. शिवाय जड गोळी नळीत अधिक वेळ राहते, तेवढ्यात नळीचे तोंड वर उचलले जाते आणि नेम वर लागतो. ज्यांच्या रिव्हॉल्व्हरची माशी, म्हणजे नेम धरण्याची खूण, स्थिर आहे त्यांना हा फरक दुरुस्त करता येत नाही. भाच्याला पंचवीस आणि पन्नास यार्डांवर खेळायचे होते. २५० ग्रेनच्या पलीकडे जाण्याचे त्याला कारण नव्हते.

बुडाविषयी मामा आग्रही होते. गोळीचे बूड नळीतून शेवटी बाहेर पडते, आणि त्याची कड एका बाजूने जरी गोल राहिली, तरी सुटणारा वायू गोळीला तिरका ढकलतो. नाकावरची चीर तेवढे नुकसान करत नाही. तांब्याची टोपी बसवण्यासाठी पायरी असलेले, म्हणजे गॅस चेकचे बूड वेगवान काडतुसांना उपयोगी आहे, पण त्या टोप्यांचा खर्च प्रत्येक गोळीमागे येतो. सौम्य निशाणी काडतुसासाठी साधे सपाट बूड पुरते. तिरकस कडेचे बूड काडतुसात सहज शिरते एवढाच त्याचा गुण.

शेवटी साच्याचा धातू. वाळूच्या साच्यातून हवा वाळूच्या कणांमधून निघून जाते. धातूच्या साच्यात तिला वाट कोरून द्यावी लागते. भाच्याने पाठवलेल्या छायाचित्रांत मामांनी सर्वांत आधी सांध्याच्या तोंडावरच्या त्या बारीक रेषा पाहिल्या, मग जुळणीच्या पिना आणि मग वरची स्प्रू प्लेट, म्हणजे ओतण्याच्या भोकाची सरकती पट्टी. अॅल्युमिनियमचा साचा हलका, लवकर तापणारा आणि स्वस्त असतो, पण त्याच्या कडा हेळसांड सोसत नाहीत. बिडाचा साचा उष्णता धरून ठेवतो आणि पिढ्यान्पिढ्या टिकतो. मात्र त्याला गंज चढतो आणि बेळगावच्या पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला याविषयी अधिक सांगायला नको. पितळेचा साचा सर्वांत समतोल तापतो. तो महाग आणि जड असतो. सहा पोकळ्यांचा जड साचा तासभर उचलून मनगट थकते, आणि थकलेल्या हाताची ओत एकसारखी येत नाही. मामांनी दोन पोकळ्यांचा बिडाचा साचा सुचवला.

आठवड्याने मापे आली. पाच थ्रोट ४३० थाउचे होते, एक ४३१ चा, आणि नळी ४२९ ची. ठरले ते असे: कीथच्या आखणीचा, २५० ग्रेनचा, सपाट बुडाचा साचा, ४३२ वर गोळी देणारा, आणि सायझिंग डाय ४३१ ची, म्हणजे सर्वांत मोठ्या घरातूनही वायूला वाट मिळणार नाही. मोकळ्या हवेत ओतावे, वितळलेल्या शिशाजवळ पाण्याचा थेंबही येऊ देऊ नये आणि काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय काहीही खाऊ नये, हे सांगायला ओतशाळेतला माणूस विसरत नाही.

फोन ठेवण्यापूर्वी मामांनी एक काम आणखी दिले. साचा नीट तापल्यानंतरच्या पहिल्या दहा गोळ्या झाडायच्या नाहीत. प्रत्येक गोळी दोनदा मोजायची, एकदा सांध्याच्या रेषेवर आणि एकदा तिच्याशी काटकोनात, आणि दोन्ही आकडे लिहून बेळगावला पाठवायचे.