काउंट येईपर्यंत

[दृश्य : काचेपलीकडची खोली. गाऊन आणि मास्क घातलेली नर्स रक्ताचा नमुना घेते आहे.]

अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या रक्ताचा नमुना रोज पहाटे जातो आणि रिपोर्ट येईपर्यंत सगळ्यांचा जीव एका आकड्यात अडकलेला असतो. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, किती आले? न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या, की दात्याच्या मूळपेशी, म्हणजे नवं रक्त तयार करणाऱ्या पेशी, रुजल्या असं डॉक्टर धरतात. त्याला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. केमोने हाडांतली जुनी मज्जा रिकामी केलेली असते आणि नवी अजून कामाला लागलेली नसते. या दिवसांत संसर्ग ओळखणंही अवघड, कारण पू व्हायलासुद्धा पांढऱ्या पेशी लागतात. पुष्कळदा खूण म्हणून हाताशी असतो तो फक्त ताप.

बरेच जण हे वॉर्डातच निभावून नेतात. काहींना मात्र धाप लागते, रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते. मग आयसीयू.

[दृश्य : व्हेंटिलेटरचा पडदा.]

एके काळी अशा रुग्णाला व्हेंटिलेटरवर घ्यावं तरी का, असा प्रश्न डॉक्टरांनाच पडायचा. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातला अभ्यास प्रसिद्ध झाला. हे केंद्र ऐरंगैरं नव्हे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाबद्दल १९९० चं नोबेल मिळालेले डॉ. डोनाल थॉमस इथलेच. तिथे व्हेंटिलेटर लागलेल्या ८६५ रुग्णांपैकी वाचले ५३. फुप्फुसांना इजा, आणि जोडीला रक्तदाब टिकवणारी औषधं किंवा यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही निकामी, असे ३९८ जण होते. त्यांतला एकही वाचला नाही.

या आकड्यांचा धाक पुढे बराच काळ राहिला. खरं तर ते १९८० ते १९९२ या काळातल्या रुग्णांचे होते, आणि वैद्यक तिथेच थांबलं नव्हतं.

कुठलं एक जादूचं औषध सापडलं असं नाही. मज्जेऐवजी रक्तातून मूळपेशी गोळा होऊ लागल्या, त्या लवकर रुजतात. केमोचे सौम्य प्रकार आले. सीएमव्ही विषाणू त्रास द्यायच्या आधीच तपासणीत पकडता येऊ लागला. बुरशीवरची औषधं सुधारली. २००० साली एका मोठ्या चाचणीने दाखवलं, की इजा झालेल्या फुप्फुसांत दर श्वासाला कमी हवा भरली तर जास्त रुग्ण जगतात.

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक पाडला तो वेळेने. ऑक्सिजनच्या आधारावर बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा ९६ दिसतो, घरच्यांना हायसं वाटतं. पण नर्सच्या तक्त्यात श्वासाचा वेग १८ वरून २४, २४ वरून ३२ झालेला असतो. आयसीयूला फोन करायचा तो या टप्प्यावर. आणखी एक चकवा आहे : कधीकधी काउंट चढू लागतात आणि नेमका तेव्हाच श्वास बिघडतो. नव्या पेशी आजारी फुप्फुसांत शिरून तिथे दाह वाढवतात. ज्या आकड्याची वाट पाहिली, तोच दगा देतो.

[दृश्य : राउंडवरची डॉक्टरांची टीम.]

आजही सगळ्यांची स्थिती सारखी नसते. स्वतःच्याच मूळपेशी घेतलेल्यांना आशा जास्त. दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करत असतील, स्टेरॉइड लागू पडत नसेल आणि वर व्हेंटिलेटर लागला, तर वाचण्याची शक्यता फार कमी उरते. हे डॉक्टरांनी नातेवाइकांना स्पष्ट सांगायला हवं.

बाकीच्यांचं कसं ठरवायचं? पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये कर्करोगाच्या रुग्णांबाबत एक रीत मांडली : काही दिवस हातचं काहीही न राखता उपचार करायचे, मग पुन्हा बसून विचार करायचा. पहिल्या दोन दिवसांत कोण वाचेल हे त्यांना सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवसानंतर फरक दिसू लागला.

पण त्या फेरविचाराच्या वेळी रुग्ण गुंगीत असतो, घशात नळी असते. म्हणून मशीनवर किती दिवस, डायलिसिस चालेल का, आपल्या वतीने कोण बोलेल, हे त्याला प्रत्यारोपणाच्या संमतीपत्रावर सही घेतानाच विचारलेलं बरं. तेव्हा तो स्वतः उत्तर देऊ शकतो.