नवगावचे दोन उंचवटे

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरतो. नागाव नव्हे, नवगाव. नागाव अलिबागच्या दक्षिणेला. शनिवार-रविवारी तुम्ही बोटीवर आणि उंटावर बसायला जाता ते. मी बोलतोय ते नवगाव उत्तरेला, थळ-किहीमच्या बाजूचं. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही बेटं. तिथे माडांच्या वाडीलगत जुनं कबरस्तान आहे. ‘तिथे बघण्यासारखं काय?’ असं मला रिक्षावाल्यानेही विचारलं होतं आणि एका शिकल्या-सवरलेल्या मित्रानेही.

बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरा अशी, की इथल्याच किनाऱ्याजवळच्या खडकांवर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका जिवंत किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी आणून टाकली. ती पुरली गेली, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. त्याचे दोन उंचवटे. त्यांवर नाव नाही, साल नाही, एक अक्षर नाही. अलीकडच्या काळात समाजाने शेजारी स्मारक उभारलं, पण मूळ ठेवा म्हणजे ही माती.

हे कधी घडलं? हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी समाजाचा इतिहास लिहिला. त्यांनी धरलेला काळ इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराचा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात पश्चिम आशियातले ज्यू आणि इथले लोक असे दोन्ही धागे सापडले, आणि त्यांची सरमिसळ साधारण ६५० ते १०५० वर्षांपूर्वीची निघाली. म्हणजे समुद्रापलीकडून आल्याची आठवण पोकळ नाही, पण गलबत कोणत्या साली फुटलं ते काही जनुकं सांगत नाहीत. उकरून बघावं म्हणाल, तर ज्यू धर्मात कबर उकरणं निषिद्ध. मला यात अडचण वाटत नाही. तारीख पक्की होईपर्यंत राखण थांबवली, तर राखायला काही उरणारच नाही.

आणि आपला कायदाही इतका कोता नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यातली व्याख्या काढून वाचा. वास्तू, लेणी, शिलालेख यांच्या पंगतीत तिथे दफनाचा उंचवटा आणि दफनाची जागा यांचाही उल्लेख आहे. अट काय, तर ऐतिहासिक महत्त्व असावं आणि किमान १०० वर्षं झालेली असावीत. कोरीव अक्षर असलंच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही.

आता या उंचवट्यांपासून जरा पुढच्या काळात येऊ. ही माणसं कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, गावोगाव पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक म्हणायचे शनवार तेली. सोमवारी बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. किती सरळ हिशेब! आडनावं गावांवरून पडली: नवगावकर, किहीमकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर. १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर घरच्या बोलीत सामाजी हसाजी. आणि त्या सिनेगॉगला हे लोक म्हणायचे मशीद.

कोकणातल्या कबरस्तानांत नंतरच्या काळातला लिहिलेला दगड दिसला तर घाई करू नका, त्याच्यासमोर बसा. वर हिब्रू, उजवीकडून डावीकडे. खाली देवनागरी, डावीकडून उजवीकडे. दोन ओळींमध्ये पाथरवटाचा हात पालटलेला कळतो: मराठी अक्षरं सरावाची, हिब्रू अक्षरं नमुना बघून काढल्यासारखी. साल हिब्रू गणनेतलं असेल तर त्यातून ३७६० वजा करा, म्हणजे अंदाजे इसवी सन मिळेल. एक माणूस दोन कालगणनांत गेला, आणि त्याच्या घरच्यांना दोन्ही लागत होत्या. हे कोणत्या बखरीत मिळणार आहे?

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. कबरी नेता येत नाहीत. तिकडच्या नातवंडा-पतवंडांना पणजोबांचं गाव आडनावातच सापडतं, पण गावात पाऊल टाकल्यावर दाखवायला पुष्कळदा एवढीच जागा उरलेली असते.

धोका दोन बाजूंनी आहे. एक जमिनीचा भाव. २०२० मध्ये मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट आली, २०२४ मध्ये अटल सेतू झाला, आणि अलिबाग तालुक्यात मोकळा दिसणारा तुकडा मोकळा राहीनासा झाला. दुसरा धोका माझ्यासारख्या उत्साही मंडळींचा! एका गावात — नाव घेत नाही — मी उशिरा पोहोचलो. तरुण मुलांनी श्रमदान करून दगड तारेच्या ब्रशने, ॲसिड टाकून लख्ख केले होते. दगड स्वच्छ, अक्षरं गायब. कुणीतरी वर म्हणालं, आता टाइल्स बसवून टाकू. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणून रागावताही येईना. अक्षरं वाचायला ब्रश लागत नाही. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरपा उजेड पडला की बुजलेली ओळही उठून दिसते. सावली असेल तर बाजूला आरसा धरा आणि फोटो काढा. माझ्याकडचा आरसा न्हाव्याकडून आणलेला, जुना, कडेला फुटका. काम चोख करतो.

तुमच्यापैकी बरेच जण आसपासच्या गावांतले आहात. घरी आजी असेल तर तिला ‘ज्यू लोकांची दफनभूमी कुठे?’ असं विचारू नका, ती म्हणेल ठाऊक नाही. शनवार तेल्यांचं कबरस्तान कुठे होतं, असं विचारा. जागा कळली की त्या गटाचा सातबारा काढा आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. काही सापडलं तर मला दाखवा. मी अजून अर्धा तास इथेच आहे, चहा यायचाय.